पिवळ्या धाग्याची बाटली

१

फ्रिजमध्ये लाल धाग्याची बाटली होती, हिरव्याची होती, पांढऱ्याचीही होती. पिवळ्या धाग्याची नव्हती. सृष्टी आहेरने पुढच्या बरण्या बाजूला सारून मागे पाहिलं, खालचा कप्पा उपसला आणि मग सगळं कॉलेज डोक्यावर घेतलं.

डॉ. यशवंत कोठावदे त्या वेळी आपल्या घराच्या ओट्यावर ऊन खात बसले होते. सन दोन हजारचा जानेवारी होता. नाशिकची थंडी तेव्हा खरोखर थंडी असायची. गंगापूर रोडच्या दोन्ही अंगांना द्राक्षबागा होत्या, सकाळी बागांतल्या शेकोट्यांचा धूर रस्त्यावर यायचा आणि सायकलवाले त्यातून खोकत जायचे. आता तिथे द्राक्षांची नावं दिलेल्या इमारती उभ्या आहेत.

कोठावदे म्हणजे गुरांचे डॉक्टर. पेठ, सुरगाणा, सटाणा अशी सरकारी नोकरी करून निवृत्त झालेले. हा माणूस आयुष्यात माझ्यापेक्षा म्हशींशी जास्त बोललाय, असं त्यांच्या पत्नी प्रमिलाबाई चारचौघांत सांगत आणि डॉक्टर ते बक्षीस मिळाल्यासारखं ऐकून घेत. त्या वर्षी औषधनिर्माण कॉलेजांना नवा नियम आला होता. प्राण्यांवर प्रयोग करायचा तर बाहेरचा एक पशुवैद्य देखरेखीला हवा. घराजवळच्या कॉलेजाने डॉक्टरांना धरलं आणि रिकामपणाला कंटाळलेले डॉक्टरही आनंदाने सापडले.

फोन प्राचार्यांचा होता. "डॉक्टर, तुमची पिवळी गेली," ते म्हणाले.

पिवळी डॉक्टरांची, कारण धागे त्यांचे. कॉलेजात प्राध्यापिका मंजुषा देवरे एका औषधाची पारख करत होत्या आणि कोणत्या बाटलीत काय आहे हे कॉलेजात कुणालाच कळू नये, अशी त्यांचीच अट होती. कळलं की माणूस आपल्याला हवं तेच बघतो, असं त्या म्हणत. म्हणून त्यांनी तुलनेसाठी चार वेगवेगळी औषधं तयार करून सारख्या बाटल्यांत भरली आणि डॉक्टरांच्या घरी पोचवली. प्रमिलाबाईंचं माहेर येवल्याचं. शेजारच्या विणकरांकडून आणलेले पैठणीच्या रेशमाचे उरलेसुरले धागे त्यांनी बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवले होते. डॉक्टरांनी त्यातले चार रंग निवडले, प्रत्येक बाटलीच्या गळ्याला एकेक गुंडाळला, चिठ्ठ्या सोलून टाकल्या आणि कुठल्या रंगात काय ते डोक्यात ठेवलं.

पिवळ्या धाग्याच्या बाटलीत काय होतं, हे सबंध नाशिकमध्ये त्यांना एकट्याला ठाऊक होतं. म्हणूनच फोन ठेवल्यावर ते चहा अर्धा टाकून उठले आणि प्रमिलाबाईंना न सांगता गाडीला किक मारून निघाले.

२

मंजुषा ही डॉक्टरांच्या सटाण्यातल्या मित्राची मुलगी. दोन वेण्या घालून गुरांच्या दवाखान्यात येऊन बसायची तेव्हापासून ते तिला मंजू म्हणत आणि ती त्यांना काका. मित्र गेला, मंजू शिकली, लग्न होऊन एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या वसाहतीत राहायला आली. डॉक्टरांना मूलबाळ नव्हतं. तिच्या प्रयोगावर देखरेख करायला तिच्याच काकांनी यावं, हे नियमात बसत होतं का, असं त्या काळी कुणी विचारलं नाही.

तिने घेतलेला विषय कॉलेजातल्या पुरुषमंडळींना चारचौघांत बोलायला अवघड वाटे. पाळीत बायकांच्या ओटीपोटात जी कळ येते, तिच्यावर झाडाचं औषध. पेठकडच्या डोंगरात एक साल मिळते, तिकडच्या बायका ती चिमूटभर उगाळून घेतात. मंजुषाने तिचा अर्क काढला. पांढऱ्या उंदरांच्या माद्यांना चार दिवस औषध पाजायचं, पाचव्या दिवशी गर्भाशयात कळ आणणारं इंजेक्शन द्यायचं आणि मग बघत बसायचं. कळ आली की मादी पोट आत ओढते, अंग लांबवते आणि मागचा पाय ताणते. असे ताण मोजायचे. ताण कमी झाले तर औषध चांगलं. पहिली मोजणी बुधवारी, म्हणजे आदल्याच दिवशी पार पडली होती.

डॉक्टर पोचले तेव्हा प्राचार्यांच्या खोलीत निकाल जवळजवळ लागलेलाच होता. बुधवारी संध्याकाळी किशोर पगार हा संशोधन करणारा विद्यार्थी लॅबमधून बॅग घेऊन बाहेर पडताना वॉचमनने पाहिला होता. हा किशोर सातपूरच्या एका औषध कंपनीच्या माणसाबरोबर दोनदा चहा पिताना दिसला होता. दोन अधिक दोन चार. प्राचार्यांना पोलिसांत जायचं होतं, निदान किशोरचं नाव तरी संध्याकाळपर्यंत कॉलेजातून काढायचं होतं.

"पोलीस नकोत, सर," मंजुषा म्हणाली. "मुलाचं आयुष्य आहे. दोन दिवस थांबू या."

ती टेबलाच्या कडेला पोट टेकवून उभी होती. खुर्ची रिकामी होती, पण ती बसली नाही. चहा समोर आला तोही तिने तसाच ठेवला. डॉक्टरांनी तिच्याकडे बघून, येता-जाता कुणालाही विचारावं तसं विचारलं, "जेवलीस का गं?"

"हो काका," ती म्हणाली.

मग डॉक्टरांनी मनातली धास्ती बोलून दाखवली. बाटली विकायला नेली असेल तर कॉलेजचं नुकसान, ते भरून काढता येईल. पण कुणी ती प्यायला नेली असली तर? प्राचार्य हसले. उंदरांचं औषध कोण कशाला पिईल, म्हणाले. पिवळ्यात काय आहे ते तरी सांगतो, असं डॉक्टर म्हणाले तर मंजुषानेच त्यांना अडवलं. अजून दुसरी मोजणी बाकी आहे, आत्ता फोडलंत तर सगळी मेहनत पाण्यात जाईल. तिचं म्हणणं रास्त होतं. डॉक्टरांनी गुपित मनातच ठेवलं.

दुपार व्हायच्या आत मंजुषा ॲसिडिटी झाल्याचं सांगून घरी निघून गेली. डॉक्टर मात्र घरी गेले नाहीत. पिवळ्या बाटलीत त्या सालीचा सगळ्यात कडक अर्क होता, पेठच्या बाया घेतात त्याच्या कितीतरी पट. तो बाहेर कुठेतरी फिरत होता आणि कुणाच्या पोटात जाणार होता की गेलाच होता, ते कळायला मार्ग नव्हता.

३

आधी त्यांनी किशोरला गाठलं. किशोर लासलगावचा, कांद्याच्या आडतीवर हिशेब लिहिणाऱ्या बापाचा मुलगा. पोरगं कॅन्टीनच्या मागे एकटंच बसलं होतं. डॉक्टरांनी चोरीचं नावही काढलं नाही. बॅगेत काय होतं, एवढंच विचारलं.

बॅगेत नोकरीचा अर्ज होता. कंपनीच्या माणसाला भेटायचं ते नोकरीसाठी, आणि मॅडमना सांगायची हिंमत होत नव्हती म्हणून चोरून. त्या माणसाने प्रयोगाबद्दल विचारलं होतं, हे किशोरने कबूल केलं. फुशारकी मारायचा मोह कुणाला चुकलाय?

"मी म्हटलं, लाल बाटलीत जादू आहे," तो मान खाली घालून म्हणाला. "लालला सालीचा मंद वास येतो ना. पिवळी इतकी जळजळीत, मला वाटलं ती नुसती कसली तरी भेसळ. पण हा अंदाज हो, सर. मी फक्त औषध पाजतो. पाजून झालं की मला खोलीबाहेर काढतात. मोजणीत काय निघालं ते मला अजून माहीत नाही."

"सृष्टीने सांगितलं असेल."

किशोरच्या चेहऱ्यावर चोरीच्या आळापेक्षा मोठं दुःख उमटलं. गॅदरिंगपासून दोघांचा अबोला होता. नाटकात त्याने तिचं वाक्य खाल्लं, असं तिचं म्हणणं. ती वाक्यच विसरली होती, असं त्याचं. सगळ्या कॉलेजला हा अबोला पाठ होता आणि सगळ्या कॉलेजला त्याचा अर्थही कळत होता, ह्या दोघांना सोडून.

सृष्टीनेही अबोल्याचीच साक्ष दिली. तिचं काम मोजायचं. औषध पाजून झालं की ती आत यायची. तिच्या समोर चार पिंजरे आणि त्यांचे आकडे, एक ते चार. कुठल्या पिंजऱ्याला कुठला धागा, ते तिला सांगायचं नाही अशी मॅडमची सक्त ताकीद. तिसऱ्या पिंजऱ्यात एकाही मादीने एकही ताण दिला नव्हता. आकडे तिने बुधवारी संध्याकाळी मॅडमच्या हातात दिले.

"मॅडम काय म्हणाल्या?"

"काही नाही. नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, जा तू घरी."

उरला झिपरू. कॉलेजच्या आवारात कोपऱ्यात, पत्र्याच्या छपराचं प्राणीघर होतं. दाराशी कण्हेर, आत भुशाचा आणि भिजल्या धान्याचा वास. सुरगाण्याचा झिपरू भोये तिथे राखणीला होता. डॉक्टर सुरगाण्याला असताना झिपरूच्या बापाच्या बैलाला त्यांनी वाचवलं होतं, त्यामुळे दोघांचं जमायचं. आत गेल्यावर डॉक्टरांना आपला जुना दवाखानाच आठवला. तिथेही असाच वास यायचा आणि तिथेही दुखणाऱ्याला बोलता यायचं नाही.

पाजताना उंदरं धरायची झिपरूनेच. म्हणजे धागाही त्याला दिसे, पिंजराही दिसे. मोजणी चाले तेव्हाही झाडलोटीला तो आतच असे, म्हणून ताणही त्याला दिसत. डॉक्टरांनी तिसऱ्या पिंजऱ्याकडे पाहिलं. बाकीच्या पिंजऱ्यांत खुडबुड चालली होती. तिसऱ्यात सगळ्या जणी एका कोपऱ्यात, केस पिंजारून, मान आत घेऊन बसल्या होत्या. समोरच्या वाटीत खाणं तसंच होतं.

"हे आत्ताच टाकलंस का?"

"नाय सायेब, कालचं हाय," झिपरू कुरकुरला. "परवाबी तसंच ऱ्हायलं. त्या किशोरभाऊंनी मलाच बोल लावला, दाणा फुकट घालतो म्हनून. आता ह्या खातच नाय तर मी काय करू? बाधलंय त्यान्ला ते पिवळं."

डॉक्टर वाकले. त्याच वेळी कोपऱ्यातली एक मादी हळूच कलंडली, आणि तिने पुन्हा अंग सावरलं नाही.

४

मेलेल्या मादीला डॉक्टरांनी स्वतः चिरलं. तोवर दुसरीनेही मान टाकली होती. काळीज, म्हणजे यकृत, पिवळट पडून ठिसूळ झालं होतं, बोटाने दाबलं तर चुरा होईल असं. सृष्टी बाजूला उभी होती. तिचा चेहरा पडला.

"पण सर, यांचे ताण शून्य होते," ती म्हणाली.

डॉक्टरांनी हात धुतले आणि प्राचार्यांच्या खोलीत जाऊन बसले. प्राचार्य किशोरला काढून टाकण्याचा कागद तयार करत होते. डॉक्टरांनी तो त्यांच्या हाताखालून सरकवून घेतला आणि किशोर, सृष्टी, झिपरू अशा तिघांनाही आत बोलावलं.

"चोराने फ्रिज उघडला तेव्हा समोर चार बाटल्या होत्या," ते म्हणाले. "नेली एकच, पिवळी. म्हणजे पिवळीच गुणकारी, अशी त्याची खात्री होती. आता ही खात्री होणार कुणाची ते बघा."

किशोरला रंग ठाऊक होते, पण निकाल ठाऊक नव्हता. त्याने अंदाजच बांधला होता आणि तो लालचा. त्याने चोरी केली असती तर लाल नेली असती. सृष्टीला निकाल ठाऊक होता, पण रंग नव्हता. तिला चोरायचंच असतं तर चारही उचलाव्या लागल्या असत्या. झिपरूला दोन्ही दिसत होतं, पण तिसऱ्या पिंजऱ्यातल्या माद्या दाण्याला तोंड लावत नाहीत, हेही त्याला दिसत होतं. ज्याच्या मते ते औषध बाधलंय, तो ते कशाला नेईल? किशोर आणि सृष्टीकडे अर्धी अर्धी गोष्ट होती आणि झिपरूकडे पुरी होती. चोराकडे दोन गोष्टी होत्या, रंग आणि ताणांचा आकडा, आणि तिसरी, न खाल्लेल्या दाण्याची, नव्हती.

"असं कोण आहे?" प्राचार्यांनी विचारलं.

डॉक्टर उत्तर द्यायला निघाले आणि थांबले. त्यांची नजर कोपऱ्यातल्या मांडणीवर गेली होती. तिथे कापडी पिशवीत स्टीलचा डबा होता, सकाळी मंजुषा विसरून गेलेली. ते उठले, त्यांनी डबा उचलला. तो जड होता. झाकण काढलं. पोळ्या घडीवर घडी तशाच होत्या, मेथीची भाजी गार होऊन तेल सुटलं होतं. ती म्हणाली होती, हो काका.

आयुष्यभर त्यांनी मुक्या जनावरांचं दुखणं ओळखलं होतं ते दोन गोष्टींवरून. उभं कसं राहतंय आणि गव्हाणीतली वैरण संपलीय का. टेबलाच्या कडेला पोट टेकून उभी राहिलेली मंजू त्यांना आठवली. पोटात कळ असलेली गायही गव्हाणीला अशीच टेकते. सकाळी समोर होतं आणि आपण वाचलं नाही, कारण ही पोर बोलू शकते, असं आपण धरून चाललो. रंग मंजूनेच पिंजऱ्यांना वाटून दिले होते आणि आकडे सृष्टीने तिच्याच हातात दिले होते. उंदरं मरायच्या आत ती घरी निघून गेली होती. तिला अजून काही कळलेलं नव्हतं.

"एकलहऱ्याला फोन लावा," ते म्हणाले.

सृष्टीने नंबर फिरवला. घंटा वाजत राहिली. पुन्हा फिरवला. पलीकडून कुणी उचललं नाही.

५

डॉक्टरांची गाडी उताराला पळे आणि चढाला विचार करी. "माझी नवी आहे," किशोर दारातून म्हणाला. "बसा मागे, सर." ज्याच्यावर सकाळपासून चोरीचा आळ होता तोच डॉक्टरांना घेऊन निघाला. द्वारका गेली, नाशिकरोड गेलं आणि एकलहऱ्याच्या चिमण्या दिसू लागल्या. त्यांचा धूर एका बाजूला वाकला होता. डॉक्टरांना आठवलं, मंजू नवी नवरी होऊन इथे आली तेव्हा पत्रात तिने लिहिलं होतं की काका, इथे तुळशीवरसुद्धा राख पडते. वाटेत ते सारखे किशोरच्या खांद्यावर हात दाबत होते, जोरात घे म्हणून, आणि आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या गावदेवीला काहीतरी कबूल करत होते.

मंजुषाचे यजमान विलासराव ड्यूटीवर होते. दार नुसतं लोटलेलं होतं. मंजुषा स्वयंपाकघरात भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. ओट्यावर पिवळ्या धाग्याची बाटली, शेजारी चमचा. चमचा भरलेला होता.

डॉक्टरांनी आधी चमचा मोरीत ओतला.

"किती घेतलंस?"

खोटं बोलायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं. "दोन चमचे," ती म्हणाली. "काल रात्री. काका, दुखायचं थांबलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा."

"आणि जेवण?"

"वासही नको वाटतो. मळमळतंय सारखं."

"पिवळ्या पिंजऱ्यातल्या दोघी मेल्या, मंजू. काळीज गेलं त्यांचं."

तिने नकारार्थी मान हलवली. "पण ताण शून्य होते. मी स्वतः आकडे बघितले."

"ताण द्यायलाही अंगात जोर लागतो, पोरी," डॉक्टर म्हणाले. "तो नव्हता उरला त्यांच्यात. त्या शांत नव्हत्या. त्या गप्प होत्या."

मग ती रडली. रडताना तुटक तुटक सगळं बाहेर आलं. दर महिन्याला ती अशीच टेबलाला टेकून शिकवत होती. आई म्हणायची, बाईच्या जातीला असतंच. नाशिकच्या एका डॉक्टरांनी गर्भाशय काढून टाका म्हणून सांगितलं होतं, तारीखही दिली होती, आणि तिला तर मूल हवं होतं. बुधवारी तिसऱ्या पिंजऱ्यासमोरचं शून्य बघून तिला वाटलं, देवानेच दाखवलं. दोन घोटच काढून घेणार होती, पण बाहेर झिपरूची चाहूल लागली आणि बाटलीच पर्समध्ये गेली. सकाळी परत ठेवू म्हटलं तर सृष्टी आधीच येऊन पोचली होती.

"इतरांना सांगायची मी," ती म्हणाली, "कळलं की माणूस आपल्याला हवं तेच बघतो."

दारात किशोर उभा होता, हे तिला तेव्हा दिसलं. तिने पदराने तोंड पुसलं. "किशोर, तुझ्यावर आळ आला आणि मी बोलले नाही. दोन दिवस थांबा म्हणाले फक्त."

"मॅडम, ते नंतर बोलू," किशोर म्हणाला. "मी केंद्रातली जीप बघून येतो." आणि तो धावत सुटला.

६

दोनच चमचे होते आणि वेळेवर कळलं, म्हणून निभावलं. दवाखान्यात मंजुषाचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले, आठवडाभर सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं आणि मग हळूहळू रंग उतरला. प्रमिलाबाई भाताची पेज घेऊन रोज जात. सगळं ऐकल्यावर एक बाई तिथे मुद्दाम बोलावली गेली, बायकांच्या आजारांची जाणकार डॉक्टर. तिने मंजुषाचं ऐकून घेतलं, अगदी पहिल्या पाळीपासून. गर्भाशयाच्या आतलं अस्तर बाहेर वाढत होतं आणि त्यावर उपाय होता, गर्भाशय न काढता. मंजुषाला पुढे मुलगी झाली. तिचं नाव ओवी.

प्राचार्यांनी तो कागद स्वतःच्या हाताने फाडला. मंजुषाने सगळ्या कॉलेजसमोर किशोरची माफी मागितली. प्रयोग पुन्हा पहिल्यापासून झाला. ह्या वेळी ताण मोजायच्या आधी झिपरू आणि सृष्टी मिळून एक गोष्ट बघत, वाटीतला दाणा संपला का. जी खात नाही तिचं शून्य धरायचं नाही. कडक अर्क बाद झाला आणि लाल धाग्याचा सौम्य अर्क थोडासा, पण खरा गुण देऊन गेला. म्हणजे वासावरून फुशारकी मारणारा किशोरच बरोबर निघाला. त्याचा आणि सृष्टीचा अबोला ह्याच गडबडीत केव्हातरी सुटला. कसा, ते त्यांच्या लग्नात बुंदी वाढताना झिपरूने सगळ्यांना रंगवून सांगितलं.

वर्षं गेली. गंगापूर रोडच्या बागा गेल्या. प्राणीघर पाडून तिथे गाड्या लावायची जागा झाली, कण्हेर तेवढी राहिली. झिपरू सुरगाण्याला परतला. दोन हजार आठच्या पावसाळ्यात प्रमिलाबाईही गेल्या, दोन दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन. बिस्किटांचा डबा कपाटात तसाच राहिला. डॉक्टर कधीकधी तो उघडत, धाग्यांची गुंडाळी बोटावर घेत आणि पुन्हा ठेवत. शेजारच्या लताबाई दोन वेळचा डबा पाठवत.

मंजुषा रोज संध्याकाळी फोन करी. ओवीच्या शाळेचं, कॉलेजातल्या नव्या मुलांचं, आता एकलहऱ्याला राख कमी पडते त्याचं, असं काहीबाही बोलणं होई. एका संध्याकाळी असंच बोलणं झालं. मग तिने विचारलं, "काका, जेवलात का?"

"हो," डॉक्टर म्हणाले.

"काका," ती म्हणाली, "टेबलावरचा डबा उचलून बघा. जड आहे का?"

डॉक्टरांनी समोर पाहिलं. लताबाईंचा डबा दुपारपासून तिथेच होता. त्याच्या शेजारी रात्रीचाही येऊन बसला होता. त्यांनी हात पुढे करून दुपारचा उचलला, हातातच धरून ठेवला.

"जड आहे गं," ते म्हणाले. "आज दुपारपासून काहीच घशाखाली उतरलं नाही. तिची आठवण येते फार."

"मला वाटलंच," मंजुषा म्हणाली. "निघालेय मी. ओवीपण येतेय. तोवर डबा उघडून ठेवा, मिळून जेवू."

डॉक्टरांनी फोन ठेवला, दिवा लावला आणि तीन ताटं मांडली.